कारागृहाच्या दारापासून घराच्या दारापर्यंत: सुटून आलेल्या माणसाला सोबत करणाऱ्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

जामिनावर सुटणारा माणूस बहुधा संध्याकाळी बाहेर येतो, कारण न्यायालयाचा आदेश कारागृहात पोहोचून कागदांची तपासणी पूर्ण होईपर्यंत दिवस कललेला असतो. हातात एक प्लास्टिकची पिशवी, पायात रबरी चप्पल, खिशात जेमतेम बसभाड्यापुरते पैसे आणि घरी निरोप पोहोचला आहे की नाही याची शंका, अशा अवस्थेत तो रस्त्याच्या कडेला उभा राहतो. समोर घरचे कोणी नसेल आणि जुना साथीदार मोटारसायकल घेऊन आला असेल, तर तो त्या मोटारसायकलवर बसतो. सुधारण्याची इच्छा त्याला असतेही, पण त्या रात्री झोपायला जागा देणारा तो एकच माणूस असतो. त्या मोटारसायकलच्या आधी तिथे पोहोचणे, हे या कामातले निम्मे काम आहे. उरलेले निम्मे म्हणजे कागद, तारखा आणि पहिली मजुरी.

महाराष्ट्रात हे काम नव्याने करू इच्छिणाऱ्या स्वयंसेवकांसाठी, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणि वस्तीत काम करणाऱ्या मंडळांसाठी पुढील सूचना आहेत. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक नवे कार्यकर्ते समुपदेशनापासून सुरुवात करतात आणि आधार कार्डापाशी अडतात.

१. कोण सुटतो आहे, हे आधी समजून घ्या

‘कैदी सुटला’ या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या परिस्थिती दडलेल्या असतात. पहिली न्यायाधीन बंद्याची, म्हणजे ज्याचा खटला चालू आहे आणि जो जामिनावर बाहेर आला आहे त्याची. दुसरी निर्दोष सुटलेल्याची, तिसरी शिक्षा पूर्ण केलेल्याची आणि चौथी संचित किंवा अभिवचन रजेवर, म्हणजे फर्लो किंवा पॅरोलवर, काही दिवसांपुरत्या आलेल्या बंद्याची. २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते. त्यामुळे तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा गुन्हा सिद्ध झालेलाच नसेल, ही गोष्ट त्यांच्याशी बोलताना, आणि विशेषतः त्यांच्याविषयी शेजाऱ्यांशी बोलताना, मनात पक्की असावी.

जामिनावरच्या माणसाची पहिली गरज वकील आणि पुढची तारीख ही असते. निर्दोष सुटलेल्याला निकालाची प्रमाणित प्रत लागते, कारण गावात ‘पैसे देऊन सुटला’ हेच वाक्य फिरत असते. शिक्षा भोगून आलेल्याला अनेक वर्षांच्या खंडानंतर सगळेच नव्याने उभे करावे लागते. रजेवर आलेल्याच्या बाबतीत तुमचे काम एकच: तो ठरलेल्या दिवशी परत हजर झाला पाहिजे, कारण उशीर झाला तर माफीचे, म्हणजे शिक्षेतून सूट मिळालेले, दिवस कापले जातात, पुढची रजा अडते आणि नवा गुन्हाही दाखल होऊ शकतो.

२. काम तो आत असतानाच सुरू करा

कारागृहात कोणालाही सहज जाता येत नाही. सर्वांत सोपा आणि रीतसर मार्ग म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवणे. हे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते, तिथे निवड झाल्यावर प्रशिक्षण मिळते आणि कारागृहातील विधी साहाय्य केंद्रात नेमणूक होऊ शकते. दुसरा मार्ग म्हणजे आधीपासून परवानगी असलेल्या संस्थेबरोबर जाणे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबई परिसरात हे काम करतो आहे, आणि त्याच्या पद्धती समजून घेण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

पहिल्या भेटीत गुन्ह्याविषयी विचारू नये. त्याला तो प्रश्न पोलिसांनी, वकिलांनी आणि बराकीतल्या प्रत्येकाने विचारून झालेला असतो, आणि तुमच्या कामाला त्या उत्तराचा तूर्त उपयोग नाही. शिवाय वकील आणि अशील यांच्यातील बोलण्याला कायद्याने जे संरक्षण आहे ते तुमच्याशी झालेल्या बोलण्याला नाही, हे त्यालाही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. विचारायचे ते असे: पहिली रात्र कुठे काढणार? तोंडपाठ असलेला फोन नंबर कोणाचा? आधार कार्ड कुठे आहे, घरी की पोलिसांच्या जप्तीत? दंड भरायचा राहिला आहे का? आणि आणखी एखाद्या ठाण्यात गुन्हा आहे का? हा शेवटचा प्रश्न चुकला तर काय होते, ते एकदा पाहिले की विसरता येत नाही. दुसऱ्या गुन्ह्यातले वॉरंट आधीच कारागृहात येऊन पडलेले असते, माणूस फाटकाच्या बाहेर येतो आणि उभ्याउभ्याच दुसऱ्या ठाण्याचे पोलीस त्याला ताब्यात घेतात, आणि त्याची आई डबा हातात धरून समोर उभी असते.

जामीन मंजूर होऊनही माणूस आतच राहिला असेल, तर बहुधा जामीनदार मिळालेला नसतो. सातबारा, घरपट्टीची पावती किंवा ऐपतीचा दाखला असलेला नातेवाईक गरीब कुटुंबात सापडत नाही. अशा बंद्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी निर्देश दिले आहेत. जामीन मंजूर झाल्यापासून सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते, आणि महिनाभरात बंधपत्र भरले गेले नाही तर अटी शिथिल करता येतील का याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करायचा असतो. स्थानिक जामीनदाराचीच अट घालणे टाळावे, असेही त्यात म्हटले आहे. याशिवाय केंद्र सरकारच्या २०२३ च्या गरीब कैदी साहाय्य योजनेत जामिनासाठी आणि दंड भरण्यासाठी ठरावीक रकमेपर्यंत मदत मिळू शकते. अमली पदार्थ किंवा मनी लाँडरिंगसारख्या काही कायद्यांखालील आरोपी मात्र तिच्यातून वगळलेले आहेत. या गोष्टी आपोआप घडतील असे समजू नये. बंद्याचे नाव, खटला क्रमांक आणि जामीन मंजूर झाल्याची तारीख लिहिलेला साधा अर्ज सचिवांच्या टेबलावर ठेवून त्याची पोच घ्यावी. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची १५१०० ही हेल्पलाइन कुटुंबाला आजच लिहून द्यावी.

३. घरी आधी तुम्ही जा

मला विचाराल तर या संपूर्ण कामातली सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी ही आहे. सुटकेच्या किमान दोन आठवडे आधी त्याच्या घरी जाऊन बसावे. ‘तुम्ही त्याला घ्याल ना?’ असा प्रश्न पहिल्या चहाला विचारू नये, कारण भिडेपोटी ‘हो’ येते आणि त्या होकाराला काही अर्थ नसतो. घरात किती माणसे झोपतात, तो आत असताना वकिलाची फी कोणी भरली, त्यासाठी कोणाचे मंगळसूत्र गहाण पडले, बहिणीचे लग्न का मोडले, हे सगळे ऐकून घ्यावे. भावाच्या घरी राहायचे ठरले असेल तर भावाशी बोलून भागत नाही; त्या घरातल्या वहिनीला काय वाटते ते वेगळे, आणि शक्यतो एखाद्या कार्यकर्तीने, विचारावे. ‘ताई, तुमची अडचण सांगा, मी त्यांना सांगणार नाही’ एवढे म्हटले तरी खरे बोलणे सुरू होते.

गुन्ह्यात नुकसान झालेले कुटुंब त्याच गावात किंवा त्याच चाळीत राहत असेल, तर पहिले काही महिने माणसाला दुसरीकडे ठेवणे हिताचे असते. माफी मागायला म्हणून त्यांच्या दारात जाण्याची ऊर्मी अनेकांना येते, ती थोपवावी. समोरच्या कुटुंबाला तशी भेट हवी आहे असे त्यांनी स्वतःहून कळवल्याशिवाय ही भेट त्यांच्यासाठी धमकीच ठरते, आणि जामिनाच्या अटीत साक्षीदारांशी संपर्क नको असे लिहिलेले असेल तर जामीनही रद्द होऊ शकतो.

कुटुंब हाच माणसाला धरून ठेवणारा दोर आहे, ही समज आपल्याकडे नवी नाही. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू केली, आणि शिक्षा भोगणाऱ्या माणसांनी कुटुंबासह राहून शेती करावी हा तिचा पाया होता. त्या मानाने आपली मोठी कारागृहे कुटुंबाला महिन्यातून काही मिनिटांची मुलाखत, म्हणजे भेट, देतात, आणि मग सुटकेच्या दिवशी घर त्याला सहज सामावून घेईल अशी आपण अपेक्षा करतो.

४. सुटकेचा दिवस

वेळेचा नेम नसतो. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाबाहेर आदेशांसाठी जामीनपेटी आहे आणि ती ठरावीक वेळीच उघडली जाते. शेवटची वेळ चुकली तर माणूस आणखी एक रात्र आत काढतो. त्यामुळे आदेश कोण नेऊन देणार, हे वकिलाच्या कारकुनाशी आदल्या दिवशीच पक्के करावे.

दारात जाताना चार्ज केलेला साधा फोन, पाण्याची बाटली, काही खायला आणि त्याच्या मापाची चप्पल न्यावी. रोख पैसे हातात ठेवण्यापेक्षा तिकीट काढून द्यावे आणि शक्य असेल तर घरापर्यंत बरोबर जावे. सुरुवातीच्या काळात मी एका माणसाला दारातच तीन हजार रुपये देऊन, पाठीवर हात ठेवून निरोप दिला होता. तो घरी पोहोचला चौथ्या दिवशी, आणि मधल्या काळातली न्यायालयाची तारीख गेली ती गेलीच. त्याच्यापेक्षा ती चूक माझी होती. निघण्यापूर्वी सुटकेचा दाखला, आत करून दिलेले औषधोपचाराचे कागद, खात्यावर शिल्लक असलेले पैसे, केलेल्या कामाची मजुरी आणि अटकेच्या वेळी जमा केलेल्या वस्तू मिळाल्या का, हे दारातच तपासावे. नंतर त्यासाठी हेलपाटे घालणे त्याला नको असते, आणि ते समजण्यासारखे आहे.

घरी पोहोचल्यावरच्या बारीकसारीक गोष्टी घरच्यांना आधी सांगून ठेवाव्यात. आत संध्याकाळी लवकर जेवून बराकीत बंद होण्याची शिस्त असते. त्यामुळे पाच वाजता त्याला कडकडून भूक लागते, घरात जेवण नऊला होते, आणि भावाच्या घरी ‘मला आत्ता वाढा’ म्हणायची त्याला लाज वाटते. वहिनीने पाच वाजता पोहे पुढे ठेवले, तर पहिल्या आठवड्यातले अर्धे अवघडलेपण तिथेच ओसरते. २०१५ साली आत गेलेला माणूस २०२४ मध्ये बाहेर येतो, तेव्हा दोन हजारांची नोट आली आणि गेली हे त्याने फक्त ऐकलेले असते. किराणा दुकानात सगळे जण फोन पुढे करून पैसे देत असताना तो सुटे मोजत उभा राहतो आणि मागची रांग त्याच्याकडे पाहते. त्याच्याबरोबर दुकानात दोन-तीनदा जा. कोणत्याही व्याख्यानाने हे साधत नाही.

५. पहिले पंधरा दिवस कागदांचे

सगळे कागद शेवटी एका ओटीपीवर येऊन थांबतात. आधारला जोडलेला जुना नंबर रिचार्जअभावी बंद पडून एव्हाना दुसऱ्या कोणाला दिला गेलेला असतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी नवे सिमकार्ड, मग आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन नवा नंबर जोडणे, त्यानंतर बँकेत जनधन खाते, आणि मग शिधापत्रिका. शिधापत्रिकेतून नाव कमी झाले असेल तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत, आणि मुंबईत शिधावाटप कार्यालयात, अर्ज करावा लागतो. मतदार यादीत नाव आहे का तेही पाहावे. कारागृहात असताना मतदान करता येत नाही, पण बाहेर आल्यावर हा हक्क पूर्ववत वापरता येतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

याच काळात जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातील जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटावे. मुक्त बंद्यांच्या पुनर्वसनासाठीच्या साहाय्याचे अर्ज या कार्यालयातून जातात, आणि सुटकेनंतर लवकर गेलेला अर्ज पुढे सरकण्याची शक्यता अधिक असते.

६. तारीख आणि पोलीस ठाणे

जामिनावरचा माणूस पुन्हा आत जाण्याचे एक फार सामान्य कारण नवा गुन्हा नसून चुकलेली तारीख हे असते. मजुरी बुडते म्हणून तो एकदा जात नाही, पुकारा होतो, अजामीनपात्र वॉरंट निघते, आणि मग भीतीपोटी तो पुढच्याही तारखांना तोंड दाखवत नाही. त्याच्या खटल्याचा सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक मिळवून ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकावा, पुढची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी आणि आदल्या संध्याकाळी फोन करावा. तारीख चुकलीच, तर पोलीस दारात येण्याची वाट न पाहता वकिलामार्फत न्यायालयात स्वतः हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. स्वतःहून आलेल्या माणसाकडे न्यायालय वेगळ्या नजरेने पाहते.

ठाण्यात हजेरीची अट असेल तर पहिल्या एक-दोन वेळा बरोबर जावे, आपली ओळख सांगावी आणि बोलण्यात नरमाई ठेवावी. वस्तीत चोरी झाली की जुन्या नावांची यादी काढली जाते. चॅप्टर केस म्हणून ओळखली जाणारी प्रतिबंधक कारवाई किंवा महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ खालील तडीपारी यांची नोटीस आली, तर ती घरात दाबून न ठेवता त्याच दिवशी वकिलाला दाखवावी. तडीपारी दोन वर्षांपर्यंतची असू शकते आणि तिच्याविरुद्ध राज्य शासनाकडे अपील करण्याची मुदत ३० दिवसांची आहे. ती मुदत बहुतेकदा नुसत्या अज्ञानात निघून जाते. पारधी आणि इतर विमुक्त समाजांतील माणसांबाबत अधिक सावध राहावे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला असला, तरी संशयाची सवय गेलेली नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ३ ऑक्टोबर २०२४ रोजीच्या निकालात कारागृहांतील जातिभेद घटनाबाह्य ठरवताना या समाजांविषयीच्या पूर्वग्रहाची दखल घेतली आहे.

७. मजुरी

पहिले काम आठवड्याच्या आत मिळाले पाहिजे, मग ते हमालीचे असो, रंगकामाचे असो वा गॅरेजातले. आत शिकलेले सुतारकाम किंवा शिवणकाम लगेच उपयोगी पडते, हातमाग मात्र बाहेर क्वचितच सापडतो. सुरक्षारक्षक आणि डिलिव्हरीच्या कामांत चारित्र्य पडताळणी होते, म्हणून तिथे पहिला अर्ज करून नकार पदरी घेण्यात अर्थ नाही. छोट्या मालकाला तुम्ही स्वतः भेटून, माणसाच्या संमतीने, थोडक्यात आणि खरे सांगावे. सरकारी नोकरीच्या अर्जात तर गुन्ह्याची माहिती कधीही दडवू नये; माहिती लपवणे हेच काढून टाकण्याचे कारण होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालावरून स्पष्ट आहे.

टपरी किंवा हातगाडीसाठी कर्ज काढून देण्याची घाई करू नये. सहा महिने मजुरी टिकली की मग त्याचा विचार करावा. आत असलेल्यांच्या कुटुंबासाठी मात्र महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ योजना लक्षात ठेवण्यासारखी आहे. १ मे २०२२ रोजी येरवड्यात सुरू झालेल्या या योजनेत शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला जामीनदाराशिवाय ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि ते त्याच्या कारागृहातील मजुरीतून फेडले जाते.

८. स्त्रियांसाठी थोडे वेगळे

पुरुष सुटला की आई किंवा बायको दारात असते. स्त्री सुटली की बहुतेकदा कोणी नसते. मुलाखतींची संख्याही आत असतानाच रोडावलेली असते, आणि कित्येकींच्या नवऱ्याने तोवर दुसरे घर मांडलेले असते. त्यामुळे भायखळ्याच्या महिला कारागृहातून किंवा येरवड्याच्या महिला विभागातून सुटणाऱ्या बाईसाठी निवाऱ्याची सोय आधीच ठरवावी. शासनाच्या शक्ती सदनांत अशा स्त्रियांना राहता येते. सहा वर्षांवरील मुले आईबरोबर कारागृहात राहू शकत नाहीत, म्हणून ती कुठे आहेत हे शोधणे हेच तिच्या दृष्टीने पहिले काम असते. मूल नातेवाइकांकडे असेल तर बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात आणि त्याचा अर्ज आई आत असतानाही करता येतो.

९. दारू आणि झोप

दारू किंवा गर्दचे (ब्राउन शुगरचे) व्यसन असेल, तर सुटकेनंतरचे पहिले दिवस जिवाला धोक्याचे असतात. आत सक्तीने सुटलेली मात्रा बाहेर आल्यावर पूर्वीइतकीच घेतली तर शरीर ती सहन करत नाही. व्यसनमुक्ती केंद्रात जागा आधीच पाहून ठेवावी. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करते. झोप न लागणे आणि दचकून उठणे यांसाठी टेलिमानस या शासनाच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

१०. तुमच्या मर्यादा

पहिल्या वर्षात स्वतः जामीनदार राहू नये, उसने पैसे देऊ नयेत आणि घरभेटीला एकट्याने जाऊ नये. त्याचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. कौतुकाचा असला तरी तो फोटो त्याच्या मालकापर्यंत पोहोचायला एक दिवस पुरतो. प्रत्येक माणसामागे एक साधी वही ठेवावी, तिच्यात तारीख, कागद आणि ठरलेली पुढची गोष्ट एवढेच लिहावे. गुन्ह्याच्या तपशिलांना त्या वहीत जागा देऊ नये.

आणि तो पुन्हा आत गेला, तर वही बंद करू नये. पहिल्या आठवड्यातच मुलाखतीला जावे, जाताना आपले ओळखपत्र आणि घरच्यांपैकी एकाला बरोबर न्यावे. ‘असे का केलेस’ हा प्रश्न तिथेही बाजूला ठेवावा, वकीलपत्र कोणाचे आहे आणि रिमांडची पुढची तारीख कोणती ते विचारून घ्यावे, आणि वहीच्या नव्या पानावर ती तारीख लिहावी.